सहा रविवार, सव्वीस मुलं आणि नाताळचं नाटक

प्रश्न: सलाम. ऐरोलीतल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यंदापासून मी संडे स्कूल बघते. ४ ते १४ वयाची २६ मुलं आहेत. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मुलांचं नाटक करायचं कमिटीने ठरवलंय आणि २४ पानांची एक जुनी संहिता माझ्या हातात दिलीय. तालमीला सहा रविवार मिळतील, उपासनेनंतर तासभर. मागच्या वर्षी शेवटच्या बाकांपर्यंत एक शब्द पोचला नाही, दोन लहानगी रडत आईकडे पळाली आणि मरीया कोणी व्हायचं यावरून दोन घरांत अबोला झाला. बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलतात, वाचताना अडखळतात. वेदीपुढची जागा १६ फूट बाय ८ फूट आणि यायला-जायला एकच दार. शिवाय एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. दर रविवारी न चुकता येतो, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. त्याला काय देऊ?

उत्तर: ताई, सलाम. आधी कात्री घ्या. २४ पानांचं नाटक चाळीस मिनिटांच्या आत संपत नाही, आणि तुमच्या तासाभरातली दहा मिनिटं मुलं जमवण्यातच जातील. म्हणजे चुका दुरुस्त करत एका तालमीत ते एकदाही पुरं होणार नाही. सहा रविवार पहिला प्रवेश घोटला जाईल आणि शेवटचा कच्चा राहील. बहुतेक चर्चमधली नाटकं इथेच फसतात. उलट वीस मिनिटांच्या आतलं नाटक एका तालमीत दोनदा होतं. पहिल्या फेरीत चुकलेलं मूल दुसऱ्या फेरीत तेच बरोबर करतं, आणि आठवडाभर ते बरोबर केलेलंच त्याच्या लक्षात राहतं.

वेळेची वाटणी अशी करा: नावनिशीची, म्हणजे शिरगणतीची, दवंडी १ मिनिट, गब्रीएल देवदूत आणि येशूची आई मरीया २, बेथलेहेमची वाट आणि उतारशाळा, म्हणजे प्रवाशांची धर्मशाळा, ३, मेंढपाळ ४, गोठा २, हेरोद राजा आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, ४, शेवटी सगळे मिळून गीत ३. एकूण १९ मिनिटं. त्यातला बोलण्याचा भाग दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ९०० ते १००० शब्द. बाकी वेळ चालण्यात, बसण्यात, गाण्यात जातो. तालमीत मोजलेल्या वेळेवर दोन मिनिटं वाढवूनच धरा, कारण समोर माणसं बसली की मुलं हळू चालतात.

हे शब्द पेलायचे चार निवेदकांनी. ११ ते १४ वयाची चार मुलं एका कडेला उभी राहून गोष्ट सांगतील आणि बाकीची ती करून दाखवतील. पात्रांना एक-एक, फार तर दोन वाक्यं द्या. वाक्य सहा-सात शब्दांचं असावं, आणि मूल घरी बोलतं त्या मराठीत. जुन्या संहितांत उतारशाळेचा मालक म्हणतो, ‘हे श्रांत प्रवाशांनो, जनसमुदायाच्या आगमनामुळे येथे तिळमात्रही स्थान उरलेले नाही.’ आठ वर्षांचं मूल हे पाठ करेल, पण तिसऱ्या शब्दाला त्याचा श्वास संपेल आणि उरलेलं वाक्य पुटपुटल्यासारखं बाहेर येईल. त्याऐवजी ‘जागा नाही हो. मागं गोठा आहे, चालेल?’ एवढंच द्या. शेवटच्या ‘चालेल?’ला मुलाचा आवाज आपोआप वर जातो आणि मागच्या बाकापर्यंत पोचतो.

शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, चार शब्द मात्र सोपे करू नका: नावनिशी, उतारशाळा, बाळंतं, गव्हाणी. मुलांना ते माहीत नसतात, म्हणून ते हातात द्यावे लागतात. पहिल्या रविवारी एक मऊ जुनं फडकं आणा, बाहुली त्यात गुंडाळून दाखवा, हे बाळंतं. गुरांना चारा घालायची जागा ती गव्हाणी. मूल एकदा स्वतः गुंडाळून बघेल, मग तो शब्द विसरणार नाही.

संहिता कापताना लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय शेजारी उघडे ठेवा. उतारशाळेचा मालक लूकमध्ये नाही, तिथे फक्त जागा नव्हती एवढंच आहे. मरीयेचं गाढवही नाही. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून आपण तिघे करतो, आणि ते आले ते घरात, गोठ्यात नव्हे. मालक ठेवायला हरकत नाही, दोन मुलांना काम मिळतं. मागी आणि मेंढपाळ शेवटी एकत्र दिसायलाही हरकत नाही, फक्त निवेदकाच्या तोंडी ‘पुढे काही काळाने’ हे शब्द हवेत. पण कुठलं शास्त्रातलं आणि कुठलं आपण जोडलेलं हे मुलांना सांगा. नाटकातून शिकलेलं मूल जन्मभर खरं धरतं. हेरोदाने ‘राजा कुठे जन्मला?’ एवढंच विचारावं. पुढची बाळांच्या हत्येची गोष्ट चार वर्षांच्या मुलांसमोर नको. कापलेली संहिता पाळकसाहेबांना एकदा वाचायला द्या, म्हणजे पाचव्या रविवारी कोणी नवा प्रवेश सुचवणार नाही.

वाचनाबद्दल. काही शिक्षक अशा मुलांना संवाद रोमन अक्षरांत लिहून देतात. ते टाळा. रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न एकाच अक्षरावर येतात. ‘बाळ’ चं ‘बाल’ होतं, ‘गव्हाणी’ ची ‘गव्हानी’ होते आणि मुलगा चुकीचंच पक्कं पाठ करतो. सहाव्या रविवारी ते सुधारायला गेलात की तो सगळं वाक्यच विसरतो. देवनागरी या मुलांना शाळेमुळे ओळखीची असते, अडचण असते वेगाची. म्हणून प्रत्येकाला फक्त त्याचं वाक्य आणि त्याच्या आधीच्याचे शेवटचे तीन शब्द, मोठ्या अक्षरात, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर द्या. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर दहा सेकंदांचा आवाज पाठवा, एका मुलाला एक. स्वच्छ मराठी बोलणारी एखादी आजी मंडळीत असेलच, तिच्या आवाजात. मूल ते शाळेच्या बसमध्ये ऐकतं आणि वाचायच्या आधीच त्याला वाक्य येतं.

पात्रं अशी बसतात: निवेदक ४, मरीया २, योसेफ १, गब्रीएल १, मालक २, मेंढपाळ ४, देवदूत ४, मागी ३, हेरोद १, मेंढरं ३ आणि तारा धरणारा १. झाले २६. मरीया दोन लिहिल्या आहेत त्या मुद्दाम. एक नासरेथची, गब्रीएल येतो तेव्हाची, आणि दुसरी बेथलेहेमची. निळी ओढणी एकच ठेवा. पहिलीने ती उतरवून दुसरीच्या डोक्यावर घालायची आणि तेवढ्यात निवेदकाने प्रवासाची दोन वाक्यं म्हणायची. प्रेक्षकांचा गोंधळ होत नाही, आणि एक मुलगी आजारी पडली तर दुसरीला दोन्ही जागा ठाऊक असतात. तरी भूमिका वाटण्याआधी कसोटी सगळ्या पालकांसमोर बोलून टाका: जी मुलगी पाच मिनिटं न हलता बसू शकते आणि सहापैकी पाच तालमींना येणार आहे, ती मरीया. मरीयेला बोलायला जवळजवळ नसतंच, तिचं सगळं काम बसण्यात आणि बघण्यात आहे. कसोटी आधी कळली की रुसवा बराच कमी होतो. भूमिका जाहीर झाल्यावर सांगितली तर ती सबब वाटते.

त्याच दिवशी पालकांकडून तारखा लिहून घ्या. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं असतात, त्यांच्या तालमी असतात, मोठ्यांच्या परीक्षा असतात. घणसोली, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने येणारी घरं असतील तर रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघा आणि ग्रुपवर टाका.

आता आवाज. मागच्या वर्षी मुलं हळू बोलली म्हणून ऐकू आलं नाही, असं बहुधा नसणार. रिकाम्या हॉलमध्ये तालीम चांगली ऐकू येते, पण माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज खातात, वर पंखे चालू असतात. ‘मोठ्याने बोल’ म्हटलं की मूल ओरडतं आणि शब्द फाटतात. वायरचे दोन माइक स्टँडवर लावा. एक निवेदकांना कायमचा, दुसरा खेळाच्या जागेच्या पुढच्या कडेला. ज्याचं वाक्य असेल त्याने त्या दुसऱ्या माइकपाशी यायचं, बोलायचं, मागे जायचं. नाटक म्हणून हे फार नैसर्गिक दिसत नाही, पण शब्द पोचतात. हातोहात फिरणारा कॉर्डलेस नको, कारण तो देताना-घेताना बंद होतो आणि सेल नेमके गाण्यात संपतात. कॉलर माइक मुलांच्या ओढण्यांना घासून खरखरतो. दुसऱ्या माइकची उंची त्यावर बोलणाऱ्यांतल्या सर्वांत बुटक्याच्या हनुवटीला लावा. उंच मूल थोडं वाकेल, बुटकं टाचा उंचावून तोल सांभाळत बोलू शकणार नाही. तोंड आणि माइक यात एक वीत अंतर.

शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो म्हणून. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा. माइकच्या मागे भिंतीला टांगलेले स्पीकर असतील तर त्या संध्याकाळपुरते ते बंदच ठेवा. सगळा आवाज आधी रेकॉर्ड करून मुलांनी ओठ हलवायचे, असाही सल्ला कोणी देईल. घेऊ नका. एक मूल अर्ध्या वाक्याने मागे पडलं की पुढची सगळी रांग चुकते आणि रेकॉर्डिंग कोणासाठी थांबत नाही.

एकच दार ही तुमची अडचण वाटते, पण तिच्यातूनच चांगली व्यवस्था निघते. मुलांना आत-बाहेर करूच नका. दोन्ही बाजूंची पहिली दोन-दोन बाकं मुलांची. निवेदक कडेला उभे राहतील, उरलेली २२ मुलं आणि चार मोठी माणसं तिथे बसतील. ज्याचा प्रवेश येईल त्याने बाकावरून उठून वेदीपुढे जायचं आणि परत जागेवर येऊन बसायचं. मुलं बाहेरच्या जिन्यात किंवा छोट्या खोलीत ताटकळत ठेवली की तिथे ढकलाढकल होते, मुकुट मोडतात आणि आपली वेळ आलेली कळत नाही. बाकावरून नाटक दिसतं, त्यामुळे आपण केव्हा उठायचं हे मुलाला आपोआप समजतं. बसण्याचा क्रम प्रवेशाच्या क्रमाने लावा, आधी उठणारा मधल्या वाटेच्या बाजूला. पालक तिसऱ्या बाकापासून मागे. दार मोकळं राहतं, तेही सुरक्षेला हवंच.

सूचक, म्हणजे प्रॉम्प्टर, आडोशाला नको, पहिल्या बाकावर मधोमध बसवा. अडलेलं मूल पुढेच बघतं. सूचकाने पहिले दोन शब्द ओठ हलवून द्यायचे, पूर्ण वाक्य नाही. तरी मूल गप्प राहिलं तर पाच मोजून निवेदकाने ते वाक्य ‘मालक म्हणाला की...’ असं सांगून पुढे न्यायचं. हे निवेदकांकडून तालमीत मुद्दाम दोनदा करून घ्या. एखाद्या मुलाला हळूच सांगायचं, ‘आज तू विसर.’

जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा: योसेफ निळी, मेंढपाळ हिरवी, मागी पिवळी. १६ बाय ८ मध्ये एका वेळी बारा मुलं नीट मावतात. शेवटच्या गीताला सगळे आले की मेंढरं आणि मेंढपाळ बसलेले, मागी गुडघ्यावर, देवदूत मागे पायरीवर. वेदीवरचं काही हलवायचं असेल तर पाळकसाहेबांना विचारूनच. उंच तात्पुरतं स्टेज बांधू नका. देवदूताचा झगा पायात आला की दोन फुटांवरून पडणंही वाईट.

कपडे घरातलेच. मेंढपाळांना साधा झगा, डोक्यावर पंचा, कमरेला दोरी. घोंगडी दिसते सुंदर, पण टोचते आणि दिव्यांखाली मूल घामाघूम होतं. फक्त एकाच्या खांद्यावर घडी करून टाका. झगा घोट्याच्या चार बोटं वर. दाढ्या चिकटवू नका, डिंकाने कातडी खाजते आणि सगळा प्रवेश खाजवण्यात जातो. पंख पुठ्ठ्याचे, खांद्यापासून खांद्यापर्यंत दीड फूट पुरे, त्याहून मोठे बाकात बसताना मोडतात. थर्माकोल घेऊ नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. मुकुटाला स्टेपलर मारताना पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला काढा आणि वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर ती कपाळाला लागतात.

गव्हाणीला फळांची लाकडी पेटी. वाशीच्या फळबाजारात रिकामी मिळते. खिळे ठोकून बसवा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. पेंढा उन्हात झटकून मूठभरच, वरच्या थराला. धुळीने दम लागणारी मुलं असतात. बाळ म्हणून बाहुलीच ठेवा, कोणाचं तान्हं कितीही गोड असलं तरी. स्पीकरच्या आवाजाने ते दचकतं आणि मरीया झालेल्या मुलीला त्याला कसं धरावं कळत नाही. बाहुली आधीपासून गव्हाणीत फडक्याखाली ठेवा, म्हणजे ती हातात घेऊन कोणाला यावं लागत नाही. मेणबत्त्या सेलवरच्या. ऊद पेटवू नका, रिकामी धूपदाणी पुरते. गंधरस मुलांना दाखवायचा असेल तर काष्ठौषधींच्या दुकानात हिराबोळ मागा. आपल्याकडे बाळंतिणीला देतात तोच. मुलांनी तो हुंगला की ‘गंधरस’ हा पाठातला शब्द राहत नाही. चाखू मात्र देऊ नका.

दिवे पूर्ण घालवू नका. अंधारात लहान मुलं रडतात, मागच्या वर्षीची दोन कदाचित त्यानेच पळाली असतील. मागच्या ट्यूब बंद, पुढच्या चालू, गोठ्यावर एक पिवळा एलईडी. कोणी हॅलोजन आणला तर एक हजार वॅटचा एक दिवा सव्वाचार अँपिअर ओढतो, ६ अँपिअरच्या एका बोर्डावर दोन लावले की वायर तापते.

चार-पाच वर्षांची तिघं मेंढरं होतील. पांढरा टी-शर्ट, हेअरबँडला कापसाचे कान, संवाद नाही. त्यांना एका वेळी तीनच मिनिटं वर आणा, आणि त्यांच्यासोबत एक ताई मेंढपाळाच्या वेशात बसवा. लहान मूल आईला बघून रडतं, म्हणून आईला समोर नको, सोबत बसवा किंवा अगदी मागे. सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा. कपडे बदलायला मुलींना आणि मुलांना वेगळी जागा, आणि दोन्हीकडे दोन-दोन मोठी माणसं. एकटं कोणीच नाही. संपल्यावर यादी बघून प्रत्येक मूल त्याच्या घरच्यांच्या हाती द्या.

सहा रविवार असे: पहिला, गोष्ट आणि भूमिका. दुसरा, कागद हातात घेऊन जागा आणि चालणं. तिसऱ्याला कागद खाली. चौथ्याला माइक लावा, शेवटच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे. आपलाच आवाज स्पीकरमधून ऐकून मुलं हसतात, त्यांना हसून घेऊ द्या. पाचवा आणि सहावा, न थांबता दोन-दोन फेऱ्या, सहाव्याला वेशासकट. प्रयोगाच्या आदल्या शनिवारी रंगीत तालीम करायला हॉल मिळाला तर उत्तम. शेवटचं गीत ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातलं, मुलांना आधीपासून येणारं घ्या, नवं शिकवत बसू नका.

तो नऊ वर्षांचा मुलगा तारा धरेल. दिवाळीतला चांदणीचा आकाशकंदील घरोघरी माळ्यावर असतो, त्यातलाच एक घ्या, आत सेलवरचा दिवा, आणि पाच फुटांची बांबूची काठी. काही चर्चमध्ये तारा छताला दोरी आणि कप्पीने सरकवतात. दोरी मध्येच अडकते आणि मागी भलत्याच दिशेला चालत राहतात. माणसाच्या हातातला तारा अडकत नाही. त्याने आणि मागींनी तेवढं आधी मागे जायचं. मागच्या बाकांपासून मधल्या वाटेने त्याने पुढे यायचं, मागी त्याच्या तीन पावलं मागे. तो थांबला की तेही थांबतील, हे त्या तिघांना पक्कं सांगा, आणि हेही त्याच्यासमोरच सांगा. हेरोदापाशी त्याने वाटेच्या कडेला व्हायचं आणि काठी खाली घ्यायची, मागी निघाले की पुन्हा वर. शेवटी गव्हाणीमागच्या पिवळ्या पट्टीवर उभं राहायचं. निवेदकाने ‘तारा थांबला’ हे वाक्य तो पट्टीवर पोचल्यावरच म्हणायचं, आधी नाही, कितीही वेळ लागला तरी. त्याला बोलायला लावू नका, आणि ‘बघा, हा किती छान करतोय’ असं सगळ्यांसमोर म्हणूही नका. तालमीत काठी त्याच्याच हातात देत जा, दुसऱ्या कोणाला धरायला देऊ नका. पकडायच्या जागी सुती पट्टी गुंडाळा, घामाने हात घसरतो.